घसारा

माझा आणि लोखंडाचा संबंध आजवर तीनच ठिकाणी आला. एक, आमच्या शाखेची तिजोरी. दोन, टाचणी. आणि तीन, आमच्या स्वयंपाकघरातला बिडाचा तवा. यांपैकी तिजोरीला दोन किल्ल्या लागतात आणि दोन्ही माझ्याकडं नसतात. टाचणी मला टोचते. आणि तव्याला हात लावायची मला सक्त मनाई आहे, कारण एकदा उत्साहाच्या भरात मी तो साबण लावून, काथ्यानं घासून लखलखीत केला होता. पुढं महिनाभर त्या तव्यावरून एकही धिरडं अखंड निघालं नाही.

अशा माणसानं गेल्या वर्षी पाच महिने, दर रविवारी, जवळजवळ 113 टन वजनाचं एक डिझेल इंजिन पॉलिश पेपरनं घासलं, असं सांगितलं तर आमच्या शाखेत कुणी विश्वास ठेवत नाही. शाखाधिकारी म्हणाले, "घासलं म्हणजे? व्हाउचरं शिवताना तुमचं मनगट दुखतं ना?" हेडकॅशियरनं तर "पगारी की बिनपगारी?" असा थेट मुद्द्याचा प्रश्न केला. बिनपगारी म्हटल्यावर त्याची माझ्याबद्दलची काळजी वाढली.

या सगळ्याचं मूळ म्हणजे माझे सासरे. त्यांना आम्ही नाना म्हणतो. नाना 1970 साली रेल्वेत खलाशी म्हणून चिकटले आणि 2006 साली चार्जमन होऊन निवृत्त झाले. त्यातली बरीचशी वर्षं घोरपडीच्या डिझेल शेडमध्ये गेली. नोकरी झाली बरोबर 36 वर्षं. आता गंमत अशी, की रेल्वेच्या हिशेबात डिझेल इंजिनाचं आयुष्यही 36 वर्षंच धरलेलं असतं. त्यामुळं नाना स्वतःला इंजिनांच्याच बॅचचे समजतात. फरक एवढाच, की इंजिनाला अठराव्या वर्षी पतियाळाच्या कारखान्यात नेऊन, सगळं उघडून, पुन्हा नव्यासारखं करायची पद्धत होती. "मला कुणी अठराव्या वर्षी नेलं नाही," असं नाना म्हणायचे. त्यावर आमच्या सासूबाई आतून म्हणायच्या, "नेलं असतं, तर सोडवून आणायला कोण आलं असतं?"

पुणेकरांची अशी समजूत असते, की जगातले सगळे महत्त्वाचे बदल पुण्यात होतात. रेल्वेच्या बाबतीत ती खरी होती. मुंबईहून पुण्यापर्यंत विजेच्या तारा 1930 च्या आगेमागेच आल्या, पण पुण्याच्या पुढं, मिरजेकडं जा की दौंडाकडं जा, कित्येक वर्षं डिझेलचंच राज्य होतं. महालक्ष्मी एक्स्प्रेस रात्री पुण्यात आली, की विजेचं इंजिन सुटायचं आणि डिझेल लागायचं. आपण वरच्या बर्थवर घोरत असायचो, एक धक्का बसायचा, आपण कूस बदलायचो आणि सकाळी कोल्हापूर. तो धक्का देणारं इंजिन नानांच्या हाताखालून गेलेलं असायचं. माझ्या लग्नाआधी कितीतरी वेळा नानांनी मला असं झोपेतून उठवलं असेल. लग्नानंतर मात्र त्यांच्या मुलीनं ते खातं आपल्याकडं घेतलं.

पहिल्या दिवाळसणाला मी त्यांच्या घरी जेवायला बसलो होतो. पुरणपोळीवर तूप पडायच्या बेतात होतं. एवढ्यात मागच्या रुळावरून एक गाडी गेली. नानांची तुपाची वाटी हवेतच थांबली. त्यांनी मान तिरकी केली, डोळे मिटले आणि म्हणाले, "आल्को. डाव्या बाजूचा सहावा सिलिंडर मारतोय." मग तूप पडलं. आता हे खरं की खोटं तपासायला हातात पुरणपोळी घेऊन कोण धावणार? पण घरातलं कुठलंही यंत्र नाना असंच कानानं ओळखायचे. मिक्सर लावला की "बुश गेलंय." कुकरची दुसरी शिट्टी झाली की "रबर कडक झालंय." माझ्या घोरण्याबद्दलही त्यांनी सासूबाईंजवळ "जावईबापूंचा टर्बो साफ करून घ्यायला हवा" असं मत दिल्याचं नंतर मला समजलं.

हे आल्को म्हणजे काय, ते वाचकांना सांगायला हवं. मलाही ते बळेच सांगितलं गेलं आहे, तेव्हा एकट्यानं का सोसावं? अमेरिकन लोकोमोटिव्ह कंपनी, तिचं लघुरूप आल्को. या कंपनीची डब्ल्यूडीएम-2 जातीची इंजिनं 1962 साली आपल्याकडं बोटीनं आली आणि 1964 पासून ती वाराणसीच्या कारखान्यात होऊ लागली. डब्ल्यू म्हणजे ब्रॉडगेज, डी म्हणजे डिझेल आणि एम म्हणजे मिश्र. म्हणजे मालगाडीलाही चालतं आणि प्रवासी गाडीलाही. मूळच्या कंपनीनं 1969 साली इंजिनं बांधणं बंद केलं, पण आपण मात्र पुढं तीन दशकं ती करतच राहिलो, अडीच हजारांहून जास्त केली. वाडा पडला तरी भाडेकरू जागा सोडत नाही, तसं. सोळा सिलिंडर, 2600 अश्वशक्ती, आणि सुटताना काळ्या धुराचा असा लोट, की फलाटावरचा निरोपाचा रुमाल धुवायलाच टाकावा लागे. नानांच्या मते तो धूर म्हणजे दोष नव्हे. डिझेल आधी पोचतं आणि हवा पुरवणारा टर्बो मागाहून जागा होतो, एवढंच. "तुमच्या बँकेत साहेब येईपर्यंत रांग लागते ना, तसं," नाना मला समजावून सांगत.

तीन वर्षांपूर्वी सासूबाई गेल्या आणि नाना आमच्याकडं राहायला आले. आमचा फ्लॅट हडपसरकडं, सोलापूरच्या रुळांपासून हाकेच्या अंतरावर. आम्हाला वाटलं, नानांना गाड्यांची सोबत होईल. पण पुणे ते दौंडच्या तारा 2017 सालीच पडल्या होत्या. आता जाणारी बहुतेक सगळी इंजिनं विजेची. ती जातात तेव्हा डब्यांचा आवाज येतो, इंजिनाचा येत नाही. नाना गॅलरीत बसायचे, गाडी यायची, ते मान तिरकी करायचे आणि पुन्हा सरळ करायचे. बोलणं कमी होत गेलं. मग नावं विसरू लागले. मला एकदा ते "पवार" म्हणाले, एकदा "अहो बुकिंगवाले" म्हणाले. मी दोन्हीला ओ दिली.

झोपेत मात्र बोलायचे. एका रात्री सौ.नं मला हलवून जागं केलं. "अहो, ऐका. बाबा आकडे म्हणतायत." आम्ही दोघं दाराशी उभे राहिलो. आतून स्वच्छ आवाज येत होता, "एक, चार, सात, सहा. आठ, पाच, दोन, तीन." परत तेच. परत तेच. माझ्यातला बँकवाला खडबडून जागा झाला. पेन्शनरानं आपला पिन असा मोठ्यानं म्हणणं अत्यंत धोक्याचं आहे, असं मी कुजबुजलो. सौ. म्हणाली, "आठ आकडी पिन असतो का?" हेही खरंच होतं.

सकाळी विचारलं. नाना हसले, कितीतरी दिवसांनी. म्हणाले, "फायरिंग ऑर्डर आहे ती आल्कोची. एका बाजूला आठ सिलिंडर. पहिला पेटतो, मग चौथा, मग सातवा. ओळीनं पेटवले तर क्रँकशाफ्ट पिळून निघेल." आमच्या मुलीनं तो आकडा त्याच दिवशी वायफायचा पासवर्ड करून टाकला. त्यामुळं आता आमच्या घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला आल्कोचे सिलिंडर कुठल्या क्रमानं पेटतात ते माहीत आहे.

त्याच सुमाराला मी एक मूर्खपणा केला. मुलीला अकरावीला कॉमर्स घेतल्यावर घसारा शिकवत होतो. घसारा म्हणजे विकत घेतलेल्या वस्तूची किंमत दर वर्षी थोडी थोडी मारत जाण्याची शास्त्रशुद्ध पद्धत. उदाहरण म्हणून मी इंजिनच घेतलं. इतकी किंमत, 36 वर्षं आयुष्य, दर वर्षी इतकी वजा, आणि शेवटी वही बंद पडू नये म्हणून नाममात्र एक रुपया शिल्लक ठेवायचा. नाना गॅलरीत होते. ते तिथूनच म्हणाले, "आणि चालत असलं तरी?"

"चालत असलं तरी, नाना. वहीत एक रुपयाच."

"अस्सं." मग थोड्या वेळानं म्हणाले, "बाईला कॉमर्स कशाला दिलंत?"

आणि महिनाभरात ते पत्र आलं. पुण्यापासून अडीच तासांवर एक रेल्वे संग्रहालय उभं राहत होतं. त्याचं नाव मी सांगत नाही, कारण तिथल्या साहेबांशी माझे संबंध अजून चांगले आहेत. तिथं एक जुनं डब्ल्यूडीएम-2 ठेवायचं होतं आणि ज्यांनी या इंजिनांवर काम केलं आहे अशा निवृत्त मंडळींनी मार्गदर्शन करावं, अशी विनंती होती. नानांनी पत्र तीनदा वाचलं आणि चष्म्याच्या घरात ठेवलं. सौ. मला म्हणाली, "बाबांना एकटं पाठवायचं नाही." आमच्या घरात या वाक्याचा अर्थ 'तुम्ही जा' असाच होतो.

पहिल्या रविवारी फाटकावर पास मिळाला. त्यावर लिहिलं होतं: सल्लागार एक, मदतनीस एक, डबा एक. बँकेत इतकी वर्षं काढून मला जो हुद्दा मिळाला नव्हता, तो तिथं पहिल्याच दिवशी मिळाला.

इंजिन एका बाजूच्या रुळावर, बाभळीत उभं होतं. नंबर सोळा हजारांच्या घरातला. मी बँकेत लागलो तेव्हा माझा पगार त्याहून कमी होता, हे आठवून मला थोडा आदर वाटला. खिडक्यांच्या काचा नव्हत्या. ड्रायव्हरच्या खुर्चीतून एक पिंपळ उगवला होता आणि तो पुढच्या खिडकीतून सिग्नल बघत असल्यासारखा बाहेर झुकला होता. नाना काही बोलले नाहीत. त्यांनी इंजिनाभोवती एक सावकाश फेरी मारली, आमच्या सौ. मारुतीला मारतात तशी, आणि एका ठिकाणी पत्र्यावर तळहात ठेवून उभे राहिले. मी लांब उभा राहिलो. मग त्यांनी हाक मारली, "जावईबापू, बाह्या वर करा." पवार नाही, बुकिंगवाले नाही.

काम वाटून मिळालं. नाना आत, कंत्राटदाराच्या पोरांना काय उघडायचं आणि काय मुळीच उघडायचं नाही ते सांगायला. मी बाहेर, पत्र्यावर. पत्र्यावरचा गंज आधी पत्रीनं खरवडायचा, मग पॉलिश पेपरनं घासायचा, मग चिंधीवर रॉकेल घेऊन पुसायचं, मग रेड ऑक्साइड, मग खड्ड्यांत लांबी भरायची, आणि लांबी वाळली की पुन्हा घासायचं. ऐकायला हे सोपं वाटतं. पण या इंजिनाची एक बाजू घासून संपेपर्यंत दुसऱ्या बाजूवर पाऊस पडून जातो. पहिल्या रविवारी संध्याकाळी माझ्या हातांच्या रेषा गेल्या होत्या. दुसऱ्या दिवशी कॅश काउंटरवर नोटा मोजताना अंगठा पाण्याच्या स्पंजवर ठेवला तर पाणीच तांबडं झालं. समोरच्या बाई म्हणाल्या, "लागलं का हो?" मी "इंजिन" म्हणालो. त्यांनी पुढच्या काउंटरची रांग धरली.

घसारा हा शब्द मी वीस-पंचवीस वर्षं लिहीत आलो, पण तो घासण्यापासून आला असेल असं कधी डोक्यात आलं नव्हतं. पॉलिश पेपर फिरवत असताना एक एक रंग वर यायला लागला. वरचा निळा गेला, की खाली तांबडा. तो गेला, की त्याच्याखाली आणखी गडद तांबडा आणि त्यावर पिवळा पट्टा. प्रत्येक रंगामागं कुणी तरी साहेब असणार आणि त्याला आधीच्या साहेबाचा रंग आवडला नसणार. आमच्या शाखेच्या भिंतींचंही असंच आहे. पिवळ्या पट्ट्याखाली मला हातानं कोरलेली दोन अक्षरं सापडली. ती कुणाची हे नानांनाही आठवेना. त्यांनी मला तेवढी जागा घासायची नाही असं बजावलं. मला आमचा तवा आठवला आणि मी ताबडतोब हात मागं घेतला.

कार्यालयात एक नोंदवही होती, तिचं नाव डेड स्टॉक रजिस्टर. खुर्च्या, टेबलं, पंखे, आणि अकराव्या ओळीत 'डिझेल इंजिन, नग 1'. नानांनी ते वाचलं आणि कारकुनाला म्हणाले, "हे डेड कुणी लिहिलं?" तो बिचारा म्हणाला, "काका, वहीचंच नाव ते आहे." मी कारकुनाच्या बाजूनं बोलायला गेलो, कारण शेवटी जात एक आहे. आमच्याकडंही दोन वर्षं कुणी फिरकलं नाही तर खातं निष्क्रिय होतं, दहा वर्षांनी त्यातले पैसे रिझर्व्ह बँकेच्या निधीत जातात. पण म्हणून खातेदार मेला असं नव्हे. तो आला, ओळख पटवली, एक व्यवहार केला, की खातं पुन्हा चालू. नाना ऐकत होते. "एकच व्यवहार पुरतो?" त्यांनी विचारलं. "एकच," मी म्हणालो. त्यांनी मान हलवली आणि आत गेले. मी कारकुनाला चहा पाजला.

चौथ्या महिन्यात भानगड झाली. उद्घाटनाची तारीख ठरली, मोठे पाहुणे ठरले, आणि कुणाच्या तरी डोक्यात आलं, की पाहुण्यांनी फीत कापताच इंजिन सुरू झालं तर काय बहार येईल! पाच मिनिटं चाललं तरी पुरे, चित्रफितीपुरतं. कंत्राटदार उत्साही होता. त्यानं तेल बदललं, डिझेल भरलं आणि आठ बॅटऱ्या आणून जोडायला घेतल्या. या इंजिनाला स्टार्टर वेगळा नसतो. एरवी वीज तयार करणारा जो मोठा जनरेटर, त्यालाच बॅटरीची वीज देऊन उलटं कामाला लावायचं, की तो इंजिनाला गरगरा फिरवतो. म्हणजे आमच्या शाखेत वसुली अधिकाऱ्यालाच कर्ज द्यावं, तसं.

आम्ही पोचलो तेव्हा शेवटची तार जोडायची राहिली होती. नाना ते बघून जे ओरडले, ते मी सोळा वर्षांत ऐकलं नव्हतं. "हात काढ!"

सगळे थबकले. तरुण इंजिनिअर साहेब आले. स्वभावानं चांगला मुलगा, नानांना 'काका' म्हणायचा, पण त्याच्यामागं तारीख लागली होती. नाना म्हणाले, "आधी हातानं फिरवायचं. सोळाही सिलिंडरच्या चाचणीच्या तोट्या उघडायच्या आणि दांडा घालून हातानं दोन फेरे."

"काका, त्यात दिवस जाईल. माणसं कुठं आहेत?"

"हे जावई आहेत," नाना म्हणाले.

कारण त्यांनी मलाच सांगितलं, बाकीच्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. सिलिंडर नऊ इंच रुंदीचा. आमच्या घरी तेवढ्या पातेल्यात चौघांचा भात होतो. त्यात दट्ट्या वर येतो आणि हवा बारा पटींहून जास्त दाबतो. हवा दाबली जाते. पण आत पाणी असेल तर? पाणी दाबलं जात नाही. पाणी तसूभर मागं सरकत नाही, आणि मागून सगळा जनरेटर रेटा लावतोय. मग जे मधे आहे ते वाकतं. मधे असतो कनेक्टिंग रॉड. "आणि हे सात-आठ पावसाळे उघड्यावर उभं होतं," नाना म्हणाले. "वरच्या धुराड्याला झाकण कुठं आहे?"

सगळ्यांनी वर बघितलं. झाकण नव्हतं. इंजिनिअर साहेब थोडा वेळ गप्प राहिला, मग त्यानं स्वतःच घड्याळ काढून खिशात ठेवलं.

दांडा अडकवायची जागा जनरेटरकडच्या टोकाला, वाकून, अंधारात. मी, कंत्राटदाराची दोन पोरं आणि संग्रहालयाचा रखवालदार, असे चौघं दांड्याला लागलो. पहिली दहा मिनिटं काहीच हललं नाही. माझ्यातून मात्र पुष्कळ आवाज आले. मग एकदम, दारावरची जुनी कडी सुटावी तसा, कुठं तरी एक बारीक आवाज झाला आणि दांडा वीतभर खाली गेला. वर सिलिंडरांच्या कडेला नाना बसले होते, एक हात तोटीवर.

"एक," नाना म्हणाले.

आम्ही दांडा काढून पुन्हा अडकवला. पाव फेरा झाला. "चार." उघड्या तोटीतून हवेचा सुस्कारा आला. पुन्हा पाव फेरा. "सात." दोन फेऱ्यांचे आठ पाव, म्हणजे आठ आकडे. झोपेत जे म्हणायचे, तेच आता जागेपणी म्हणत होते, फक्त फार सावकाश. "सहा." माझा शर्ट कमरेतून बाहेर आला. "आठ." रखवालदारानं टोपी काढून ठेवली. मग आम्ही रेटा लावला आणि नानांचा आकडा आला नाही. वर शांतता. मला वाटलं, विसरले. आणि तेवढ्यात टप टप असा आवाज झाला, मग पिचकारी उडावी तसं गंजट पाणी नानांच्या सदऱ्यावर आलं, उजव्या बाजूच्या तोटीतून. भांडंभर तरी असेल.

"पाच," नाना म्हणाले. ओल्या सदऱ्याकडं बघत, कुठल्या तरी मुलाचा निकाल लागावा तसे.

कंत्राटदारानं बॅटरीची तार हळूच गुंडाळून ठेवली. इंजिनिअर साहेब वर चढला, त्यानं ते पाणी बोटाला लावून बघितलं आणि नानांकडं वळून काही तरी म्हणाला. खाली मला ते ऐकू आलं नाही, आणि नानांना विचारलं तर ते "काही नाही, चहा घेणार का विचारत होता" म्हणाले. आम्ही उरलेले दोन आकडे पुरे केले. मग नानांनी रंगाचा एक रिकामा डबा मागवला आणि स्वतः उभं राहून रखवालदाराकडून तो धुराड्यावर पालथा घालून घेतला. पाऊस नव्हता, तरीसुद्धा.

इंजिन अर्थातच सुरू झालं नाही. पाणी शिरलं म्हणजे आतला लायनर, झडपा, सगळं उघडून बघायला हवं. त्याला पैसे हवेत, सुटे भाग हवेत, आणि हे भाग हाताळणारे लोक हवेत, जे आता एक तर निवृत्त आहेत किंवा विजेच्या इंजिनांवर गेलेत. देशातलं जवळजवळ सगळं ब्रॉडगेज आता तारांखाली आलंय. साहेबांनी फाइलवर 'पुढील टप्प्यात' असं लिहिलं. पुढील टप्प्यात म्हणजे काय, ते मी नानांना समजावून सांगितलं नाही. त्यांची 36 वर्षं सरकारी नोकरी झालेली आहे.

उद्घाटन मात्र झोकात झालं. गडद तांबडा रंग, पिवळा पट्टा, कोरलेली दोन अक्षरं तशीच ठेवलेली. फीत कापली आणि कुणी तरी कळ दाबली. इंजिनाच्या पोटाखाली लपवलेल्या कर्ण्यांतून धडधड असा प्रचंड आवाज सुरू झाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी नानांकडं बघितलं. त्यांनी मान तिरकी केली, डोळे मिटले, आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "हे आल्को नाही." मग थोड्या वेळानं, "ट्रक आहे बहुतेक." नंतर सगळ्या सल्लागारांना एकेक शाल मिळाली. मदतनीसाला नारळ मिळाला.

मला वाटलं, संपलं. पण परतीच्या गाडीत नाना म्हणाले, "महिन्यातून एकदा यायला पाहिजे." कशाला? तर उभं इंजिन एकाच जागी राहिलं, की दट्ट्याच्या रिंगा धरतात. महिन्यातून एकदा तोट्या उघडून हातानं दोन फेरे द्यायचे आणि सोडताना आधीच्यापेक्षा वेगळ्या जागी सोडायचं. "तुम्हीच म्हणालात ना, एक व्यवहार पुरतो."

तेव्हापासून महिन्याचा पहिला रविवार माझा नाही. मी एक वही घातली आहे. तारीख, फेरे दोन, कुठल्या आकड्यावर सोडलं, पाणी निरंक, सही. इंजिनिअर साहेबाची बदली झाली, पण जाताना त्यानं आमचा पास कायमचा करून दिला. त्यावर अजून डबा एक असं लिहिलेलं आहे.

मागच्या महिन्यात नानांचा गुडघा सुजला. डॉक्टरांनी प्रवास बंद सांगितला. मी म्हटलं, या वेळी राहू द्या, एका महिन्यानं काय होतंय? नानांनी माझ्याकडं असं बघितलं, की मी सात सत्तावीसची गाडी पकडली. तिथं रखवालदाराला सोबत घेतलं, तोट्या उघडल्या, फोन स्पीकरवर टाकून जनरेटरच्या डोक्यावर ठेवला. पलीकडं घरी नाना गॅलरीत, कानाला फोन. मुलीनं सांगितलं, की त्यांनी पंखा बंद करायला लावला, मिक्सर बंद करायला लावला आणि खालच्या मजल्यावर निरोप पाठवून तिथला रेडिओही बंद करवला.

आम्ही दांड्याला लागलो. "एक," फोनमधून आवाज आला. सुस्कारा त्यांना तिकडं ऐकू येत होता. "चार." दोघंच असल्यानं दम लागत होता. "सात." मी दांड्यावर पोट टाकून रेटा दिला. "सहा."

"थांबा," नाना म्हणाले.

आम्ही थांबलो. रखवालदार माझ्याकडं बघू लागला.

"जावईबापू, कुठं तरी घासतंय. कोरडं. नीट ऐका."

मी कान दिला. सगळीकडं शांत होतं.

"नाना," मी म्हणालो, "तो मी आहे."

पलीकडं थोडा वेळ काही आवाज आला नाही. मग नाना म्हणाले, "मग आधी पाणी प्या. आणि आठवर सोडू नका, मागच्या खेपेला आठवरच होतं."